तक्रारदार नसलेली फसवणूक

आधी हिशेब करून टाकू. "पंधरा दिवसांत आठ किलो वजन कमी, शंभर टक्के आयुर्वेदिक, साइड इफेक्ट नाही" अशा धाटणीची जाहिरात धुळे-जळगाव पट्ट्यात कुठे दिसत नाही? रिक्षाच्या पाठीवर दिसते, वर्तमानपत्रातून घरात पडणाऱ्या पत्रकात दिसते, व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला दिसते. माणसाच्या अंगावरची एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. आठ किलोंच्या झाल्या ६१,६००. पंधरा दिवसांत एवढ्या जाळायच्या तर रोज चार हजार शंभर. घरकाम, स्वयंपाक आणि थोडी ये-जा करणाऱ्या बाईचे शरीर दिवसभरात साधारण दोन हजार कॅलरी वापरते. म्हणजे तिने पंधरा दिवस पाण्याखेरीज तोंडात काही घातले नाही, तरी चार किलो चरबीसुद्धा पुरती जळायची नाही. मग डबीतली गोळी उरलेले चार किलो कुठून काढणार?

हे गणित सातवीतल्या पोरीलाही येते. तरी डबी खपते. का खपते, यावर आपल्याकडे एक तयार उत्तर असते, की लोक अडाणी आहेत. मला ते मुळीच पटत नाही. खान्देशातला माणूस व्यवहाराला कच्चा नाही. केळीचा काटा होताना डोळ्यांत तेल घालून उभा राहणारा, कापसाच्या भावात क्विंटलमागे पन्नास रुपये तुटले तर व्यापाऱ्याशी दिवसभर वाद घालणारा शेतकरी इथला. जळगावच्या सराफ बाजारात घट किती धरली आणि मजुरी कशी लावली हे तीनतीनदा विचारणारी बाई इथलीच. तीच बाई तीन महिन्यांच्या 'कोर्स'चे पैसे मोजताना मात्र बिल मागत नाही. अक्कल तर तीच आहे. फरक पडतो तो ती काय विकत घेते आहे यामुळे. सोने घेताना तिला कशाचीही लाज वाटत नाही. वजन कमी करायचे औषध घेताना वाटते.

माझे म्हणणे एवढेच आहे, की हा धंदा वनस्पतीवर कमी आणि या लाजेवर जास्त उभा आहे.

शेजारीच एक उदाहरण ठेवून बघा. जळगावात मुख्यालय असलेली भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्था, म्हणजे आपली 'बीएचआर', बुडाली तेव्हा काय झाले? ठेवीदार पावत्या घेऊन पोलीस ठाण्यात गेले, मोर्चे निघाले, राज्यभर ठिकठिकाणी गुन्हे दाखल झाले. २०१५ मध्ये संस्थापक आणि संचालकांना अटक झाली, संस्थेवर अवसायक आला. पुढे २०२० मध्ये त्या अवसायकाच्या काळातल्या व्यवहारांच्या तपासासाठी पुण्याचे पोलीस जळगावात छापे घालायला आले. पैसे किती परत मिळाले हा वेगळा आणि दुखरा विषय. पण आरडाओरडा झाला, कारण "माझे पैसे बुडाले" हे चारचौघांत सांगता येते, आणि हातात ठेवपावती असते. "मी बारीक व्हायची गोळी घेतली आणि बारीक झाले नाही" हे वाक्य चौकीत जाऊन कोण म्हणणार? नवऱ्यालासुद्धा कितीजणी सांगतात?

लाजेची सुरुवात दुकानात होत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. झोके बांधलेले असतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस असतो, आणि दारातच कुणीतरी मावशी किंवा काकू म्हणते, "काय वं माय, कितली जाडी व्हयनी तू!" बोलणाऱ्या बाईच्या मनात काही वाकडे नसते. उलट ती मागाहून आग्रह करून आणखी दोन पोळ्या वाढते. पण आखाजीपाठोपाठ लग्नसराई असते, घरातल्या लग्नात फोटो निघणार असतात, आणि मुलगी लग्नाची असेल तर बायोडेटात उंचीसोबत वजनाचीही चौकशी होते. बरोबर त्याच आठवड्यात कुणीतरी वहिनी फोन काढून 'आधी' आणि 'नंतर'चे दोन फोटो दाखवते. डबी विकणारा परका असता तर त्याला दहा प्रश्न विचारले असते. वहिनीला काय विचारणार?

मग पहिला आठवडा जातो आणि वजन खरोखर उतरते. दोन किलो, कधी तीन. इथेच शंका मरते, म्हणून याकडे जरा जवळून बघायला हवे. अशा बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. सोनामुखी हा जुना, ओळखीचा रेच आहे. दिवसातून चार वेळा जावे लागले की काट्यावर फरक दिसतो. तो पाण्याचा आणि आतड्यातल्या ऐवजाचा असतो. चरबीला अजून हातही लागलेला नसतो. शिवाय डबीसोबत एक छापील कागद येतो. रात्री भात नाही, साखर बंद, तळलेले बंद, सकाळी चालायचे, दिवसभर भरपूर पाणी. एवढे पाळले तर डबी न उघडताही वजन उतरेल. श्रेय मात्र डबीला जाते. महिन्याभराने पथ्य सैल पडते, पाणी परत भरते, काटा पुन्हा वर येतो, आणि वहिनी कळवळून विचारते, "पथ्य मोडलंस ना?" मोडलेले असतेच. कुणाचे मोडत नाही? अपयश गिऱ्हाइकाच्या पदरात घातले गेले की तक्रार करायला कुणी उरत नाही. गुंतवणुकीच्या नावाखाली गंडा घालणाऱ्यालाही इतकी सोय नसते. त्याला शेवटी पळून तरी जावे लागते.

"घेतली चार झाडपाल्याची चूर्णे, बिघडले काय? पैसे गेले, जीव तर गेला नाही," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. हा युक्तिवाद झाडपाला खरोखर झाडपालाच असेल तर काही अंशी चालेल. पण सिब्युट्रामाइन नावाचे एक रसायन आहे. भूक मारणारे औषध म्हणून ते एके काळी रीतसर विकले जाई. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो असे दिसल्यावर २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत ते बाजारातून निघाले, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भारत सरकारनेही त्यावर बंदी घातली. त्यानंतर ते गेले कुठे? 'हर्बल' डब्यांत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात भेसळयुक्त म्हणून नोंदवलेल्या ७७६ पूरक आहार उत्पादनांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली ३१७ वजन कमी करण्याची होती आणि त्यांपैकी २६९ मध्ये सिब्युट्रामाइन निघाले. लेबलवर अर्थातच ते नव्हते. ही आकडेवारी अमेरिकेची आहे आणि पकडल्या गेलेल्या मालाची आहे. जळगावच्या प्रत्येक डबीत हेच असते असा तिचा अर्थ कुणी काढू नये. पण तोंड कोरडे पडणे, धडधडणे, झोप उडणे, भूक एकदम मेल्यासारखी होणे ही लक्षणे एखाद्या 'वनस्पतीच्या' गोळीने दिसू लागली, तर ती वनस्पती कुठल्या कारखान्यात उगवली हे विचारायला हवे. होते उलटेच. "औषध लागू पडतंय, पॉवर आहे गोळीत," असे म्हणून दुसरी डबी मागवली जाते.

(अशी डबी विकणाऱ्या दुकानात शेजारच्या फळीवर 'वजन वाढवा'ची डबी असते, हे तुम्ही पाहिले असेल. एकाच दुकानदाराकडे दोन्ही चमत्कार तयार असतात.)

आता परवान्याकडे येऊ, कारण शिकलेला माणूस इथेच फसतो. तो म्हणतो, मी बघून घेतो. डबीवर परवाना क्रमांक आहे, हिरवे पान आहे, 'आयुष मान्य' लिहिलेय, 'जीएमपी' आहे, 'आयएसओ' आहे. यातला एकही शिक्का "याने वजन कमी होते" असे म्हणत नाही. आयुर्वेदिक औषधाच्या उत्पादनाचा परवाना राज्य देते. आयुष मंत्रालय कुठल्याही कंपनीला किंवा तिच्या औषधाला मान्यता देत नाही, हे मंत्रालयाने स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. म्हणजे 'आयुष मंत्रालय मान्यताप्राप्त' हे शब्द डबीवर दिसले तर ती घेण्याचे नव्हे, खाली ठेवण्याचे कारण मिळाले. 'जीएमपी' सांगते की कारखाना कसा चालवावा याचे नियम पाळले. ग्रंथोक्त औषधे, उदाहरणार्थ त्रिफळा चूर्ण किंवा मेदोहर गुग्गुळ, जुन्या ग्रंथांतल्या पाठाप्रमाणे बनतात. 'प्रोप्रायटरी' म्हणजे कंपनीने स्वतः जुळवलेला पाठ. घटक ग्रंथांतले, मेळ तिचा. त्याला नव्या अॅलोपॅथिक औषधासारख्या मोठ्या मानवी चाचण्यांतून जावे लागत नाही. परवाना खरा असू शकतो, दुकान खरे असू शकते, आणि दावा तेवढा खोटा असू शकतो.

दुसरी जात 'फूड सप्लिमेंट'ची. ही डबी हातात घेऊन फिरवून बघा. पुढच्या बाजूला कमरेभोवती टेप गुंडाळलेली बाई आणि मोठ्या अक्षरांत 'स्लिम', 'फॅट बर्नर', 'कट' असले काहीतरी. मागच्या बाजूला, शिवणीजवळ, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी क्रमांक, आणि त्याच्या आसपास भिंग घेऊन वाचावे अशा अक्षरांत: 'नॉट फॉर मेडिसिनल यूज'. हे लिहिणे नियमाने बंधनकारक आहे, म्हणून लिहिलेले असते. म्हणजे पुढची बाजू उपचार विकते आणि मागची बाजू हा उपचार नाही असे लिहून देते. 'मार्केटेड बाय' एक पत्ता, 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' दुसराच, बहुधा शेकडो किलोमीटरवरचा. हे बेकायदा नाही. पण ज्याच्या नावावर तुम्ही विश्वास टाकता त्याने ती वस्तू बनवलेली नाही, एवढे कळते.

आत काय असते? आजकाल गार्सिनिया फार चालते. हे आपल्या कोकमाचे भावंड, मलबारकडची चिंच. १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ जणांवर बारा आठवडे त्याची चाचणी झाली. खरी गोळी घेणारे आणि खोटी गोळी घेणारे यांच्या वजनात दखल घ्यावी असा फरक निघाला नाही. तिकडे यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही या घटकाच्या नावावर आहेत. अलीकडे मधुमेहाची आणि लठ्ठपणाची महागडी इंजेक्शने गाजू लागल्यापासून 'नैसर्गिक ओझेम्पिक' म्हणून बर्बेरिन आले. ते दारुहळदीतही असते. दारुहळद गुणी आहे यात वाद नाही; पण तिला त्या इंजेक्शनाच्या पंक्तीला बसवणे हा निव्वळ बनाव आहे.

आयुर्वेदावर टीका केली की लगेच कुणीतरी आपल्या परंपरेचा कैवार घेऊन उठतो. म्हणून परंपरेलाच विचारू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय, अष्टौनिन्दितीय, याच विषयावर आहे. चरकाच्या मते अतिस्थूल आणि अतिकृश यांच्यात कृश बरा, कारण स्थूलाची चिकित्सा अवघड. पचायला जड पण पोषण कमी करणारे अन्न द्यावे. जव, मूग यांसारखी धान्ये-कडधान्ये वापरावीत. जागरण, व्यायाम आणि मनाचे श्रम हळूहळू वाढवत न्यावेत. त्रिफळा, गुळवेल हेही तिथे आहेत, पण आहार-विहाराच्या सोबतीला. पंधरा दिवसांची गॅरंटी त्यात कुठेच नाही. ज्याला चरक अवघड म्हणतो ते जो चुटकीसरशी करून दाखवतो, तो चरकाचा वारस कसा? या धंद्याने सर्वांत मोठा अपमान कुणाचा केला असेल तर तो गावातल्या त्या वैद्याचा, जो नाडी बघून, झोप-पोट-पाळी विचारून, "सहा महिने लागतील" असे सांगतो आणि म्हणून ज्याच्याकडे गर्दी नसते.

एका बाबतीत मात्र या विक्रेत्यांना श्रेय दिले पाहिजे. जिल्ह्याच्या गावांत जी 'वेलनेस सेंटर्स' निघाली आहेत, तिथे सकाळी सहाला बायका जमतात, एकमेकींचे वजन करतात, टाळ्या वाजवतात, शेक पितात, हसतात. घरी ज्या बाईला कुणी "कसं शे?" म्हणून विचारत नाही, तिला तिथे दर आठवड्याला कुणीतरी नाव घेऊन विचारते. सरकारी दवाखान्यातल्या रांगेत डॉक्टर तिला दोन मिनिटे देतो, तेही मान वर न करता. मग ती जिथे ऐकून घेतले जाते तिथे जाते, यात तिचे काय चुकले? आणि त्या सोबतीमुळे तिचे वजन थोडे उतरतेही. डब्यातल्या भुकटीची किंमत म्हणून ती जे मोजते, ते खरे तर सोबतीचे भाडे असते. जळगावात मेहरूण तलावाच्या काठी किंवा धुळ्यात नकाण्याच्या बाजूला पहाटे चार मैत्रिणी नेमाने चालल्या तर हेच काम फुकट होईल. होत का नाही, याचे उत्तर घरात सकाळी सहाला डबा कोण करते इथे शोधावे लागेल. सेंटरला जाण्यासाठी 'पैसे भरलेत' हे कारण घरात चालते. नुसते चालायला जाते म्हटले तर चालत नाही. पुरुषमंडळींनी यावर जरा विचार करायला हरकत नाही.

खरा घात होतो तो उशिरामुळे. वजन वाढण्यामागे कित्येकदा थायरॉईड असतो, पीसीओडी असते, एखादे चालू औषध असते. एका साध्या रक्ततपासणीने जे कळले असते ते वर्षभर डब्यांखाली दडून राहते. त्यातून ती बाई आधीच रक्तदाबाच्या गोळ्या घेत असेल आणि भुकटीबद्दल डॉक्टरांना काही सांगत नसेल, तर गुंतागुंत आणखी वाढते. सांगत नाही, कारण पुन्हा तीच लाज.

कायदा काय करतो? कागदावर बरेच. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४चा आहे. ज्या ५४ आजारांवर औषधाची जाहिरातच करायची नाही, त्यांच्या यादीत लठ्ठपणा नावानिशी आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. म्हणजे 'लठ्ठपणा घालवा' असे औषधाचे पत्रक सत्तर वर्षांपासून गुन्हा आहे. पळवाट उघड आहे: लठ्ठपणा म्हणायचे नाही, 'स्लिम' म्हणायचे, औषध म्हणायचे नाही, 'फूड' म्हणायचे. आयुर्वेदिक जाहिरातींना राज्याची पूर्वपरवानगी लागेल असा नियम १७० हा २०१८ मध्ये आला. २०२४ मध्ये केंद्रानेच तो काढला, सर्वोच्च न्यायालयाने त्या काढण्याला स्थगिती दिली, आणि पतंजलीच्या जाहिरातींवरून इंडियन मेडिकल असोसिएशनने २०२२ मध्ये नेलेले ते प्रकरण २०२५ मध्ये बंद झाले. तिथे माफीनामे छापून आले, न्यायमूर्तींचे ताशेरे गाजले. पाचोऱ्याच्या किंवा शिरपूरच्या रिक्षामागचे पत्रक जिथल्या तिथे राहिले. कारण वरचा कायदा मोठ्या नावांशी भांडतो, आणि खालचा कायदा तक्रार आल्याशिवाय हलत नाही. तक्रार येत नाही. का येत नाही ते वर सांगून झाले.

म्हणून सावधगिरी घ्यायची ती पैसे देण्याआधी, आणि वनस्पतीची नावे पाठ करून नव्हे तर दावा तपासून. दिवस आणि किलो यांची गॅरंटी दिली की बोलणे तिथेच थांबवावे. सगळ्यांना एकच डबी चालते म्हटले, तरी थांबवावे. महिन्याच्या एका रविवारी लॉजच्या खोलीत बसणाऱ्या 'तज्ज्ञा'ला त्याचा नोंदणी क्रमांक विचारावा. बीएएमएस असेल तर महाराष्ट्रातल्या परिषदेकडे त्याची नोंद असतेच, आणि खरा वैद्य या प्रश्नाने रागावत नाही. एफएसएसएआयचे चौदा अंक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून बघता येतात. फोनवरून मागवलेल्या कोर्सनंतर "तुमचे पैसे परत द्यायचेत, आधी जीएसटी भरा" असा फोन आला तर ती दुसरी फसवणूक सुरू झाली आहे; तुमचा नंबर यादीसकट विकला गेलाय. तिथे सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा नंबर लावावा.

राहिली वहिनी. २०२१च्या थेट विक्रीच्या नियमांप्रमाणे घरी येऊन माल विकणाऱ्याने ओळखपत्र दाखवायचे, आधी वेळ ठरवून यायचे, किंमत आणि माल परत करण्याची पद्धत सांगायची असते. आखाजीच्या झोक्याशी ओळखपत्र घेऊन कोण येणार, हसू येणारच. पण पावती मागता येते, आणि त्यात नाते तुटण्यासारखे काही नाही. जिल्हा ग्राहक आयोग जळगावातही आहे, धुळ्यातही आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीची फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लागतो. अन्न व औषध प्रशासनाचा १८००-२२२-३६५ आहे. या सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, की बिल कुठे आहे, बॅच नंबर कुठला. तेव्हा वहिनीने डबी पुढे केली की तिला एवढेच म्हणावे, "घेते ना गं, पण पक्कं बिल दे, त्यावर बॅच नंबर टाक, आणि पंधरा दिवसांत आठ किलो हेही लिहून दे." बहुतेक वेळा वहिनी डबी पिशवीत परत ठेवते आणि चहा टाकायला उठते.